अंधाराची तालीम

पेंटरच्या हातून जन्मात एकच पाटी चुकली, आणि ती चूक त्याची त्याला दिसली नाही.

पाटी बेकरीवाल्याची होती. लाल रंगावर पिवळी अक्षरं, खाली गव्हाच्या दोन लोंब्या. त्याने नेहमीसारखी ओळी सरळ येण्यासाठी खडूची दोरी मारून घेतली, हात स्थिर राहावा म्हणून खाली काठी टेकवली आणि दिवसभर खपून काम उरकलं. संध्याकाळी बेकरीवाला पिठाचे हात पुसत बाहेर आला, बराच वेळ बघत राहिला, आणि म्हणाला की अक्षरं झकास आली आहेत, फक्त डावीकडची कडा अशी कोरी का सोडली तेवढं कळलं नाही. पेंटरला वाटलं, गडी थट्टा करतोय. त्याने मान वळवली, तर जिथे पाटी संपली असं तो धरून चालला होता तिथून पुढे आणखी हातभर पाटी निघाली.

तो शिडीवरून उतरला आणि खालच्या पायरीवर बसून राहिला. गेल्या काही महिन्यांतल्या गोष्टी आता एकेक करून आठवायला लागल्या. बाजूने येणाऱ्या सायकलवाल्यांच्या शिव्या, दाराच्या चौकटीला रोज घासणारा खांदा, बायकोने पुढे केलेला कप हातात न येता फरशीवर पडणं. या सगळ्याचं खापर त्याने आजवर दुसऱ्याच्याच माथी फोडलं होतं.

त्याची बायको इस्पितळाच्या धुलाईखात्यात कामाला होती. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले, सगळं वाफेच्या यंत्राखालून काढायचं आणि घड्या घालून ढकलगाडीवर रचायचं. बाई अंगाने किरकोळ, पण तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. दुसऱ्याच दिवशी तिने त्याला मनगटाला धरून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंसमोर नेऊन बसवलं. काचबिंदू निघाला. डॉक्टरीणबाई आडपडदा न ठेवता बोलणाऱ्या होत्या. गेलेली नजर परत येत नाही, थेंब घालून उरलेली थोडी लांबवता येईल, पण यायला फार उशीर केलात, असं त्यांनी सांगितलं. अंधार कडेकडेने आत सरकत येणार आणि मधला उजेडाचा गोल लहान होत होत मिटणार. कधी, ते त्यांनाही सांगता येईना.

पेंटर घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून निजला. त्याने जन्मभर चर्चचं काम फुकट केलं होतं. वेदीमागच्या भिंतीवरचं वचन त्याच्याच हातचं, दारावरची पाटी त्याच्याच हातची. आपण देवाच्या घराला रंग दिला आणि देवाने आपल्या डोळ्यांवर काळ्या रंगाचा हात मारला, हेच त्याच्या मनात घोळत राहिलं. भेटायला येणारे धीर धरा म्हणून सांगायचे. धीर काय दुकानात मिळतो, असं तो पुटपुटायचा आणि कूस बदलायचा.

बायकोने त्याला थोडे दिवस तसंच राहू दिलं. मग एका सकाळी प्रार्थना आटोपल्यावर तिने डोक्याचा रुमाल सोडला, त्याच्या डोळ्यांवर करकचून बांधला आणि म्हणाली, "चहा करा."

"मला अजून दिसतंय."

"म्हणूनच आत्ता करा. तहान लागल्यावर विहीर खणायची नसते."

त्याने चहा केला. हात पोळला, दूध उतू गेलं, आणि साखर समजून त्याने दोन चमचे मीठ घातलं. बायको समोर बसून तो चहा घोट घोट प्यायली. कप खाली ठेवल्यावर तिने फक्त एवढंच म्हटलं की चव वेगळी आहे, पाहुण्यांना देऊ नका. त्याने स्वतः घोट घेतला आणि थुंकला. मग दोघं हसायला लागली ती थांबेचनात. आजार कळल्यापासून त्या घरात पहिल्यांदाच हसू आलं होतं.

तेव्हापासून रोज सकाळी ही तालीम सुरू झाली. कपाटातला कोणता खण कशाचा, नळापर्यंत जाताना हात कुठे टेकायचा, सदऱ्याची बटणं वर-खाली न होता कशी लावायची, दाढी करताना गाल कसा ताणायचा. बायको शिकवायला कडक होती. तो धडपडला तर ती उचलायला धावत नसे. जागेवरूनच सांगायची, आधी बसा, श्वास घ्या, आपण कुठे आहोत ते आठवा, मग उठा. चिडून उठलेला माणूस परत तिथेच आपटतो, हे तिचं ठरलेलं वाक्य. तो खरोखरच चिडायचा. एकदा तर त्याने रुमाल ओढून काढला आणि तुला माझ्या आंधळेपणाची एवढी घाई कशाला, म्हणून तिच्यावर ओरडला. तिने रुमालाची घडी घातली, चादरीची घालायची तशीच नीट, आणि कामाला निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी रुमाल पुन्हा हजर.

हातापायांच्या तालमीनंतर दुसरी तालीम असायची. पुढे वाचता येणार नाही म्हणून तिने त्याला स्तोत्रं पाठ करायला लावली. ती एक ओळ वाचायची, तो मागून म्हणायचा. अक्षरांवर पोट भरलेल्या माणसाला न बघता शब्द धरून ठेवणं जड गेलं. तो ओळी गाळायचा, एका स्तोत्राचं शेपूट दुसऱ्याला जोडायचा. ती म्हणायची, देवाला चालतंय, पण मला चालत नाही, पुन्हा म्हणा. यात आपण काही मोठं आध्यात्मिक करतोय असं तिला वाटत नसावं. घरात कांदे-बटाटे भरून ठेवावेत तशी ती त्याच्या आत काहीतरी भरून ठेवत होती.

मध्ये चर्चच्या मंडळीतली काही माणसं घरी आली. दूरच्या गावाहून कोणी प्रार्थना करणारा भाऊ आला होता, त्याला त्यांनी बरोबर आणलं होतं. त्याने पेंटरच्या कपाळाला तेल लावलं, डोळ्यांवर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना केली आणि विश्वास असेल तर नजर येईल असं सांगून तो गेला. पेंटर पुढचे कितीतरी दिवस उठल्या उठल्या खिडकीतून समोरच्या भिंतीकडे बघायचा. गोल तेवढाच होता. नंतर नंतर तर आणखी आवळल्यासारखा वाटायला लागला. त्याच्या मनाने घेतलं की आपला विश्वासच तोकडा पडला.

हे त्याने बायकोला सांगितलं तेव्हा ती चादरींच्या घड्या घालून आलेली, पाय पाण्यात सोडून बसली होती.

"तू कधी माझी नजर मागितली नाहीस," तो म्हणाला. "माझ्यासमोर तरी नाही."

"रोज मागते. पण मागताना हातावर हात ठेवून बसायचं नाही. देणं त्याच्याकडे, तयारी आपल्याकडे."

"आणि नाहीच दिली तर?"

तिने पाण्यातून एक पाय काढून पुसला. "तर त्यालाही तुमच्याबरोबर अंधारात बसावं लागेल," ती म्हणाली. "बसेल तो. क्रूसावर अंधार त्याने बघितलाय."

ती 'तुमच्याबरोबर' म्हणाली, 'आपल्याबरोबर' नाही, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं नाही. पुढे लक्षात आलं तेव्हा त्याने त्यातून अर्थ काढायचा खूप प्रयत्न केला. पण अर्थ काही नव्हता. तिला काही ठाऊक नव्हतं. ती ठणठणीत होती, निदान सगळ्यांना तसंच वाटत होतं.

ती गेली ती भर कामात, सकाळच्या पाळीत. वाफेच्या यंत्रातून चादर ओढून घेताना मध्येच थांबली, जोडीदारणीला म्हणाली जरा धर गं, आणि खाली बसली. पुन्हा उठली नाही. इस्पितळातच होती, डॉक्टर लगेच धावत आले, पण हृदय थांबलं ते थांबलंच. धुलाईखात्यातली बाई सांगायला आली तेव्हा पेंटर अंगणात ब्रश धूत होता. पाच सहा वाक्यं बोलूनही त्या बाईला मुद्द्याचं वाक्य बोलता येईना. शेवटी तिच्या रडण्यावरूनच त्याला कळलं.

त्याला तिच्याजवळ नेलं. तो वाकला. तेव्हा त्याच्या नजरेचा गोल इतका लहान झाला होता की जवळून माणसाचा चेहरा त्यात पुरा मावत नसे. त्याला तिचं कपाळ दिसलं. मग मान हलवून मिटलेले डोळे पाहिले, मग ओठ, हनुवटीवरची जुनी खूण. पुन्हा कपाळ. सगळं मिळून एकदम बघावं म्हणून तो मागे सरकला, पण मागे गेल्यावर खोलीतल्या अंधुक दिव्यात चेहराच धूसर झाला. तो पुढे-मागे, पुढे-मागे होत राहिला. शेवटी कोणीतरी त्याला खुर्चीवर बसवलं.

मुलगी दुसऱ्या शहरातून आली. तिचा नवरा लांब पल्ल्याची बस चालवायचा, तो बस सोडून तसाच आला. दफनविधी झाला, माणसं पांगली. कबरीवरच्या लाकडी क्रूसावर नाव लिहून घ्यायला चर्चच्या पाळकसाहेबांनी कोणाला तरी सांगायचं ठरवलं, तेव्हा पेंटर म्हणाला की ते मी लिहिणार.

पाळकसाहेब तरुण होते, मंडळीत नवे. नको म्हणायचं धैर्य त्यांना झालं नाही. ते क्रूस घेऊन घरी आले आणि रंगाचा डबा धरून बसले. एकेक अक्षर त्या गोलात मावत होतं, पण शेजारचं अक्षर दिसत नव्हतं. पेंटर एक अक्षर काढायचा, डाव्या हाताचं बोट त्याच्या कडेला टेकवायचा आणि त्या बोटापासून पुढचं अक्षर धरायचा. ओल्या रंगात बोट बुडायचं, मग पुसून पुन्हा. सबंध दुपार गेली. तेवढ्या वेळात तो हळूहळू बोलत होता, पाळकसाहेबांशी की आणखी कोणाशी ते सांगणं कठीण.

मी आंधळा होण्याची तयारी करत होतो, तो म्हणत होता. चहा शिकलो, दाढी शिकलो, स्तोत्रं पाठ केली. सगळं तिने करून घेतलं. पुढच्या दाराला कड्या घालून आम्ही बसलो होतो, आणि मरण मागच्या दाराने आत आलं.

मग त्याने ब्रश खाली ठेवला. "पाळकसाहेब, ही तयारी कशाची होती मग?"

पाळकसाहेब धर्मशिक्षणाच्या सेमिनरीत बरंच काही शिकलेले असणार.  "मला माहीत नाही, काका," ते म्हणाले. "माहीत असतं तर सांगितलं असतं."

पेंटरला त्या उत्तराचा राग आला नाही. त्या दिवसांत ज्यांनी ज्यांनी उत्तरं दिली त्यांचाच त्याला राग आला होता.

पण त्यानंतर त्याने प्रार्थना सोडली. भांडला नाही, देव नाही असंही म्हणाला नाही, नुसता गप्प झाला. मुलीने त्याला आपल्याकडे न्यायचं ठरवलं. एकट्याने कसं राहणार, हा तिचा मुद्दा बिनतोड होता. तो म्हणाला, या घरात मला सगळं येतं. मुलगी म्हणाली, "बाबा, आई असताना येत होतं."  जन्मभराचे ब्रश त्याने चर्चच्या रखवालदाराला देऊन टाकले आणि तो बसमध्ये बसला. गाडी जावईच चालवत होता.

मुलीच्या घरात त्याची सगळी तालीम पाण्यात गेली. तिथे कपाट दुसऱ्या भिंतीला होतं, हात धुवायचा नळ गच्चीत होता, न्हाणीघराला उंच उंबरा होता. पहिल्याच आठवड्यात तो त्या उंबऱ्यावरून पडला आणि कोपर सोलून निघालं. त्यातून घरात विहीणबाई होत्या. जावयाची आई. बाईंना खुर्च्या हलवायची खोड होती. उन्हाची तिरीप आली की खुर्ची इकडे, वारा आला की तिकडे. पेंटर सकाळी खुर्ची कुठे आहे ते ध्यानात ठेवायचा, दुपारी तिथे नेमकी शिलाई मशीन असायची. त्याने एकदा तक्रार केली तर त्या म्हणाल्या, "व्याही, तुम्ही आल्यापासून मला माझ्याच घरात परवानगी काढून बसावं लागतंय." बोलणं फटकळ होतं, पण खोटं नव्हतं. मग त्याने फिरणंच सोडलं. सकाळी मुलगी जिथे बसवेल तिथे तो संध्याकाळपर्यंत बसून राहायचा, टपालाने आलेल्या गाठोड्यासारखा. गोल आता टाचणीच्या डोक्याएवढा उरला होता.

एका दुपारी विहीणबाई झोपल्या होत्या, जावई गाडीवर होता. स्वयंपाकघरातून भांडी घासल्याचा आवाज येत होता, तो मध्येच थांबला. पाणी मात्र वाहतच राहिलं. पेंटरने कान दिला. मुलगी रडत होती. नळाच्या आवाजाखाली लपवून रडत होती. तो भिंत धरून उठला, वाटेत स्टुलाला अडखळला, गुडघ्यावर आपटला. संतापून तसाच उठणार होता. उठला नाही. खाली बसला, श्वास घेतला, आपण कुठे आहोत ते आठवलं. डावीकडे दार, उजवीकडे भिंत, पाण्याचा आवाज समोर. मग सावकाश उठून आवाजाच्या दिशेने गेला आणि नळ चाचपून बंद केला.

मुलगी घाईघाईने म्हणाली की काही नाही, साबण डोळ्यांत गेला.

"मला अर्धवट दिसतं, पण ऐकू सगळं येतं," तो म्हणाला.

मग ती बोलली. आईची आठवण येते म्हणून रडत नाही, ती म्हणाली, आई गेली हेच मला अजून कळत नाही. रोज वाटतं तिला सांगू, तिला विचारू. प्रार्थनेला बसते तर तोंडातून शब्द येत नाही. "तुम्हाला तिने वर्षभर तयार केलं, बाबा. मला कोणी तयार केलं? मला सकाळी फोन आला आणि दुसऱ्या दिवशी मी तिला मातीत ठेवलं."

पेंटर ओल्या ओट्याला धरून उभा राहिला. ही पोर आपल्याहून उघडी पडली आहे, हे इतके दिवस त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. तो स्वतःच्या दुःखाभोवती असा बसला होता की जणू गेलेली बाई एकट्या त्याचीच होती.

त्याला सांत्वन करता येत नव्हतं. सांत्वन करणाऱ्यांचा त्याला स्वतःलाच उबग आला होता. तो एवढंच म्हणाला की उद्या सकाळी थोडं लवकर ऊठ.

सकाळी ती उठली. दोघं खिडकीजवळ बसली. त्याने स्तोत्राची एक ओळ म्हटली आणि तिला मागून म्हणायला सांगितलं. महिनोन्‌महिने ओठांवर न आलेले शब्द होते, त्याला वाटलं होतं गंजले असतील. पण ते होते, जिथे भरून ठेवले होते तिथेच. त्याला देवाबद्दल प्रेम वाटलं असं नाही. छातीत जे दुखत होतं ते तसंच दुखत राहिलं. पण दुखत असताना म्हणता येतं, एवढं त्या सकाळी कळलं. चौथ्या ओळीला मुलगी रडली आणि त्यालाही पुढे जाता येईना. ती दोघं तिथेच थांबली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

विहीणबाईंना आतल्या खोलीत हे ऐकू जायचं.  एके दिवशी पेंटर उठला तर त्याच्या वाटेतल्या खुर्च्या भिंतीला लागलेल्या होत्या, आणि त्या तशाच राहिल्या. पुढे त्या मटार सोलायला त्याच्याजवळ येऊन बसायला लागल्या. त्यांचा नवराही असाच अचानक गेलेला. ते कधी कोणाला सांगितलं नव्हतं, ते त्या दाणे काढता काढता थोडं थोडं सांगायच्या, आणि मध्येच त्याला दटवायच्या की व्याही, टरफलं भांड्यात टाकताय.

नजर त्याच वर्षी गेली. त्या दिवशी काही घडलं नाही. सकाळी उठला आणि टाचणीएवढा उजेडही नव्हता. त्याने मुलीला विचारलं, उजाडलंय का. ती हो म्हणाली, आणि तिच्या आवाजावरून त्याला कळलं की तिलाही कळलं आहे. भीती वाटली, पुष्कळ वाटली.  ज्याची इतकी तयारी केली ते आलं, तेव्हा तयारीमुळे भीती कमी झाली असं त्याला म्हणता आलं नसतं. फक्त भीतीत काय करायचं ते ठाऊक होतं. त्याने पाय खाली सोडले, फरशी लागली, तो बसून राहिला. बायको असती तर काय म्हणाली असती याचा विचार करायला गेला, आणि तेव्हा मात्र त्याला हुंदका आवरला नाही. मुलगी शेजारी येऊन बसली.

त्या दिवशी त्याला बोलता येत नाही हे पाहून तिनेच सुरुवात केली. पहिली ओळ आली, दुसरी आली, तिसरीही आली. चौथ्या ओळीला ती अडली. पुढचा शब्द पेंटरच्या अगदी जिभेवर होता. पण बायको कधी उचलायला धावली नव्हती; त्यानेही तो शब्द पुरवला नाही. बाहेर रस्त्यावर कोणी दुकानाचं शटर वर ढकललं, कोणी सायकलची घंटा वाजवली. मुलगी शब्द शोधत होती. पेंटर वाट बघत बसला.